रंग कोणाच्या हातचा?

चित्रपटाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. नटांविषयी लिहिले जाते, गाण्यांविषयी तर फारच लिहिले जाते, आणि कोणी कोणाची कथा उचलली याविषयी लिहिण्याचा उत्साह अजून ओसरलेला नाही. पण चित्रपट जसा दिसतो तसा तो का दिसतो, याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. पडद्यावर आकाश निळे दिसले तर ते निळेच होते असे आपण धरून चालतो. पिवळे दिसले तर त्या दिवशी धूळ उडाली असेल, असे समजून पुढची गोष्ट पाहू लागतो. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कॅमेऱ्याशी माझा संबंध स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रापुरताच. तरीही गेली काही वर्षे या प्रश्नाने माझी पाठ धरली आहे, कारण तो अखेरीस माझ्याच विषयाचा प्रश्न आहे असे माझ्या ध्यानात आले. ते कसे, हे सांगायचे तर जरा मागे जावे लागेल.

१९३३ साली प्रभात फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ हा बोलपट रंगीत काढण्याचे धाडस केले. चित्रण येथे झाले, पण रंगीत प्रती छापण्याची सोय हिंदुस्थानात नव्हती. त्यासाठी व्ही. शांताराम यांना जर्मनी गाठावी लागली. प्रती तयार होऊन आल्या, पण रंग मनासारखे उतरले नव्हते, प्रयोग फसला. पुढे १९३७ मध्ये मुंबईच्या इंपीरियल कंपनीने, म्हणजे अर्देशिर इराणी यांनी, ‘किसान कन्या’ काढला. तो सिनेकलर पद्धतीचा होता. या पद्धतीत दोनच रंगांवर सगळा संसार चाले: एक तांबूस-नारिंगी आणि दुसरा निळसर-हिरवा. या दोहोंच्या मिश्रणातून माणसाची कातडी बरी दिसे, पण खरा पिवळाधमक किंवा खरा जांभळा रंग काही केल्या उमटत नसे. म्हणजे चित्रपट शेतकऱ्याच्या मुलीचा असो की राजकन्येचा, तिच्या लुगड्याचा रंग कोणता दिसावा हे ना दिग्दर्शक ठरवी, ना छायालेखक. ते त्या पद्धतीने आधीच ठरवून टाकलेले असे.

हीच गोष्ट टेक्निकलरची. तीन रंगांची ही पद्धत हॉलिवूडमध्ये १९३२ पासून वापरात आली आणि तिने जगाला भुरळ घातली. पण ती विकत मिळत नसे. कॅमेरा कंपनीचा, तो भाड्याने घ्यायचा. त्याबरोबर कंपनीचा माणूस घ्यायचा. फिल्म धुवायची ती कंपनीच्या प्रयोगशाळेत. आणि या सगळ्यावर कंपनीची रंगसल्लागार. नॅटली काल्मस असे त्या बाईंचे नाव. नायिकेचा झगा, खोलीचे पडदे, भिंतीचा रंग यांवर त्यांचे मत घ्यावे लागे आणि बहुधा ते मानावेही लागे. ती फिल्म इतकी मंद होती की तिला भडक उजेड लागे. त्या उजेडाने सेटवर माणसे अक्षरशः शिजत. टेक्निकलरचे चित्रपट झगझगीत दिसतात याचे अर्धे कारण तेव्हाची अभिरुची आहे, आणि अर्धे कारण हे की अंधुक खोली त्या फिल्मला दिसतच नव्हती. आपल्याकडे १९५३ साली सोहराब मोदी यांनी ‘झाँसी की रानी’ टेक्निकलरमध्ये काढला, तेव्हा ‘गॉन विथ द विंड’चे छायालेखक अर्नेस्ट हॅलर यांना हॉलिवूडहून आणले होते. राणी आपली, किल्ला आपला, पण रंगांची किल्ली परक्या कंपनीच्या कमरेला.

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि ते मी आत्ताच सांगून टाकतो. स्वयंपाकघर कसे आहे, चूल कोणती आहे आणि शेवटचे मीठ कोण घालतो यावर भाजीची चव ठरते. तसे चित्रपटाचे रूप तो कोणत्या वाटेने तयार होतो आणि त्या वाटेवर रंगाचा शेवटचा निर्णय कोठे व कोण घेतो यावर ठरते. वाट बदलली की रूप बदलते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ही वाट जितकी बदलली, तितकी त्याआधीच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत बदलली नव्हती.

१९५० साली कोडॅकची ईस्टमनकलर निगेटिव्ह आली आणि रंगीत चित्रपट साध्या कॅमेऱ्यात काढता येऊ लागला. तिथून पुढे पन्नास वर्षे रंगाचा निर्णय दोन ठिकाणी होत राहिला. पहिले ठिकाण म्हणजे चित्रणाची जागा. तिथे छायालेखक दिवे लावी, गाळण्या लावी, मीटर धरून उजेड मोजी. जे फिल्मवर उमटले ते त्या क्षणी कोणालाच दिसत नसे. रिळे प्रयोगशाळेत जात, धुऊन निघत, आणि बाहेरगावी चित्रण असेल तर कित्येक दिवसांनी पाहायला मिळत. मधल्या काळात निर्मात्याच्या लाखो रुपयांचे काय झाले हे एकट्या छायालेखकाला ठाऊक असे, आणि तेही अनुभवाच्या जोरावर. त्याच्या शब्दाला जो मान होता तो या अंधारातून आला होता.

दुसरे ठिकाण प्रयोगशाळा. निगेटिव्हवरून प्रत छापताना लाल, हिरवा आणि निळा असे तीन उजेड तिच्यातून सोडतात, आणि प्रत्येकाला एक ते पन्नास अशा पायऱ्या असतात. ग्रेडर नावाचा गृहस्थ छायालेखकाला शेजारी बसवून प्रत्येक शॉटचे तीन आकडे ठरवी. हे काम नजरेचे होते आणि त्यात मुरलेली माणसे आपल्याकडेही होती. पण त्या तीन आकड्यांनी काय करता येई? सगळे चित्र तांबूस करता येई, निळसर करता येई, उजळ किंवा काळोखे करता येई. गवत बदलायचे तर गवताबरोबर नायकाचा चेहराही बदले. एकच एक गोष्ट वेगळी काढून रंगवणे शक्य नव्हते. काही हुशार माणसांनी रसायनालाच वळण लावून पाहिले. जपानी छायालेखक काझुओ मियागावा यांनी १९६० मध्ये ‘ओतोतो’ या चित्रपटासाठी फिल्म धुण्याची एक पायरीच गाळली. त्यामुळे चांदीचे कण फिल्मवर तसेच राहिले, रंग फिके पडले आणि काळा अधिक काळा झाला. पुढे ही ‘ब्लीच बायपास’ची युक्ती इंग्लंडच्या रॉजर डीकिन्स यांनी ‘नाइन्टीन एटी-फोर’ या १९८४ सालच्या चित्रपटात वापरली. या डीकिन्स यांचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण वाट बदलण्याच्या वळणावर तेच उभे आहेत.

१९९९ च्या उन्हाळ्यात कोएन बंधू मिसिसिपी राज्यात ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ चे चित्रण करीत होते. कथा १९३७ सालची, मंदीच्या काळातली. तुरुंगातून पळालेले तीन कैदी धुळीच्या रस्त्यांनी हिंडतात. दिग्दर्शकांना हवे होते हाताने रंगवलेल्या जुन्या पोस्टकार्डासारखे वाळलेले, पिवळसर चित्र. आणि मिसिसिपीचा उन्हाळा म्हणजे आपला कोकणातला श्रावण! जिकडे पाहावे तिकडे रसरशीत हिरवे. छायालेखक डीकिन्स. त्यांनी रसायनाच्या सगळ्या जुन्या युक्त्या करून पाहिल्या, पण हिरवे काही हटेना. हटवावे तर माणसांच्या चेहऱ्यांचेही पाणी जाई. अखेरीस त्यांनी निराळाच मार्ग धरला. सबंध चित्रपट यंत्राने चित्रागणिक वाचून संगणकात भरायचा, तिथे फक्त हिरवे निवडून त्याचे वाळके सोनेरी करायचे, आणि मग लेसरने पुन्हा फिल्मवर उतरवायचा.

आज हे वाक्य सोपे वाटते. पण हिशेब करून पाहा. चित्रपट सेकंदाला चोवीस चित्रे या वेगाने धावतो. दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चित्रे होतात. त्या वेळच्या पद्धतीने एक चित्र साठवायला बारा मेगाबाइटच्या आसपास जागा लागे. म्हणजे सगळा चित्रपट सुमारे दोन टेराबाइट. आज एवढे शाळकरी पोराच्या दप्तरात मावते, पण तेव्हा ती एक वखार होती. याआधी कोडॅकच्या सिनिऑन यंत्रणेने १९९३ मध्ये डिस्नेचा जुना ‘स्नो व्हाइट’ असा संगणकात घालून स्वच्छ करून बाहेर काढला होता, आणि १९९८ च्या ‘प्लेझंटव्हिल’मध्ये रंगीत चित्रणातला रंग संगणकानेच काढून एका काळ्यापांढऱ्या गावात थोडा थोडा रंग शिरताना दाखवला होता. तो चमत्कार म्हणून दाखवला होता. ‘ओ ब्रदर’मध्ये चमत्कार दिसूच नये अशी योजना होती. काम दोन महिन्यांहून अधिक चालले. २००० साली चित्रपट पडद्यावर आला आणि लोकांनी त्या पिवळ्या प्रदेशावर विश्वास ठेवला. या मधल्या पायरीला पुढे ‘डिजिटल इंटरमीजिएट’ असे लांबलचक नाव पडले. आपल्याकडच्या चित्रपटवाल्यांनी त्याचे ‘डीआय’ केले, आणि आज खेड्यातून मुंबईला गेलेला पहिलटकर दिग्दर्शकसुद्धा “डीआयला बघून घेऊ” असे म्हणतो.

“डीआयला बघून घेऊ” या तीन शब्दांत सगळा बदल आला आहे. गवताला हात लावताना चेहरा सांभाळता येतो, चेहऱ्याभोवती एक अदृश्य कुंपण घालून तो उजळता येतो, दुपारचे चित्रण संध्याकाळचे करता येते. साहजिकच सर्वांना एक सोपी युक्ती सापडली. माणसाची कातडी, मग ती कोणत्याही देशाची असो, रंगांच्या चक्रात नारिंगी भागाच्या आसपास पडते. नारिंगीच्या अगदी समोर निळसर-हिरवा. तेव्हा सावल्यांत निळसर-हिरवा भरला की चेहरा आपोआप उठून दिसतो. ही युक्ती चांगली होती, म्हणूनच ती सर्वांनी उचलली. आणि पुढे काही वर्षे अमेरिकेतल्या चित्रपटांत बंदर असो, दवाखाना असो की मंगळ ग्रह असो, सगळ्याचा रंग एकच दिसू लागला. गंमत अशी, की तांबूस-नारिंगी आणि निळसर-हिरवा ही ‘किसान कन्या’चीच जोडी! तेव्हा दुसरा रंग उमटत नव्हता म्हणून ती होती. आता वाटेल तो रंग उमटतो, तरीही तीच. याच जोडीचा कोणी जाणूनबुजून उपयोग केला असेल तर तो मार्टिन स्कॉर्सेसी यांनी. ‘द एव्हिएटर’ या २००४ च्या चित्रपटात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या सुमाराचा भाग त्यांनी संगणकाकरवी जुन्या दोन रंगांच्या टेक्निकलरसारखा केला. त्यात ताटातले वाटाणे निळे दिसतात. ते चूक म्हणून नव्हे, तर त्या काळच्या पडद्याची आठवण म्हणून.

येथवर कॅमेऱ्यात फिल्मच होती. पुढे तीही गेली. २००४ मध्येच मायकेल मान यांनी ‘कोलॅटरल’चा मोठा भाग डिजिटल कॅमेऱ्याने लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर रात्री काढला. फिल्मला रात्रीचे आकाश म्हणजे निव्वळ काळे. या कॅमेऱ्याला त्या आकाशात शहराच्या सोडियम दिव्यांचा तांबूस-पिवळा धूर दिसला. रात्र प्रथमच शहरातल्या माणसाला दिसते तशी दिसली. २००९ पासून त्या शहराने ते दिवे काढून पांढरे एलईडी लावायला घेतले, तेव्हा ती रात्र आता त्या चित्रपटातच उरली आहे. (आपल्याकडे २०१५ साली मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे जाऊन पांढरे आले तेव्हा केवढी ओरड झाली, ते मुंबईकरांना आठवत असेल.) मग २००८ चा ‘स्लमडॉग मिलियनेअर’. मुंबईच्या वस्त्यांतून पोरांच्या मागे धावायचे तर मोठा कॅमेरा नेऊन भागणार नव्हते. अँथनी डॉड मँटल यांनी मुठीत मावेल असा लहान डिजिटल कॅमेरा हाती घेतला आणि त्याचा संगणक पाठीवरच्या पिशवीत टाकला. त्या चित्रपटाची धावपळ, जमिनीलगतची नजर, पोरांच्या नाकासमोर आलेला पडदा हे सारे त्या पिशवीचे देणे आहे. छायालेखनाचे ऑस्कर बव्हंशी डिजिटल कॅमेऱ्याने काढलेल्या चित्रपटाला मिळाले ते प्रथमच.

त्यानंतर पडझड झपाट्याने झाली. २०१० मध्ये जर्मनीच्या आरी कंपनीचा अलेक्सा कॅमेरा आला आणि मोठमोठ्या छायालेखकांनी फिल्म खाली ठेवली. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला, २०१३ मध्ये फुजीने चित्रपटांची फिल्म करणे थांबवले, आणि २०१४ पर्यंत अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीने आपल्या देशात फिल्मच्या प्रती पाठवणेच बंद केले. या पडझडीत रडण्यासारखे जेवढे आहे तेवढेच समाधानाचेही आहे. माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी चित्रपट यायचा तो मुंबई-पुण्यात घासून, गुळगुळीत होऊन. पडद्यावर सतत पाऊस. नायिकेच्या गालावर आडवे-उभे ओरखडे. एखादे गाणे तर कोणीतरी कापूनच ठेवलेले. पुढे उपग्रहावरून चित्रपट पाठवण्याची सोय झाली आणि शहरातल्या माणसाला दिसते तेच चित्र त्याच दिवशी तालुक्यालाही दिसू लागले. हा न्याय डिजिटलने केला, आणि तो विसरून फिल्मचे गोडवे गाणे मला कृतघ्नपणाचे वाटते.

तरी एक तक्रार हल्ली सर्वत्र ऐकू येते. चित्रपट करडे दिसतात, सपाट दिसतात, एकासारखा दुसरा दिसतो. दोष कॅमेऱ्याला देतात. मला तो दोष वाटेचा वाटतो. डिजिटल कॅमेरा चित्र साठवतो ते मुद्दाम फिके, राखेच्या रंगाचे साठवतो. हेतू हा, की अंधारातले आणि उजेडातलेही काही हरवू नये आणि पुढे हवे तसे वळवता यावे. हे कच्चे चित्र. सेटवर ते एका तात्पुरत्या कोष्टकातून घालून पडद्यावर दाखवतात, आणि तो पडदा आता दिग्दर्शक, निर्माता, जाहिरातवाला सगळेच पाहतात. छायालेखकाचा तो जुना अंधार संपला. शिवाय फिल्म महाग होती म्हणून एक कॅमेरा चाले; आता दोन-तीन एकदम चालतात, आणि तिन्ही बाजूंनी बरा दिसेल असा उजेड लावायचा तर तो मिळमिळीतच लागतो. मागे अर्धे चित्र संगणकाने रंगवायचे असेल, आणि ते काम चार देशांतल्या चार मंडळींकडे वाटलेले असेल, तर कोणाचीच अडचण होऊ नये असा उजेड बरा. प्रत्येक जण निर्णय पुढच्यावर ढकलतो. संकलक मग ते तात्पुरते चित्र पाच-सहा महिने पाहत बसतो. सवयीने त्याला तेच आवडू लागते. आणि शेवटी रंग द्यायला बसलेल्याला धीटपणे काही करायचे म्हटले तर सगळे दचकतात.

कादंबरीकाराला हे रोग चांगले ठाऊक आहेत. शाईने लिहिताना खोडायचे कष्ट असतात म्हणून वाक्य आधी मनात घोळवावे लागते. संगणकावर लिहू लागलेले माझे मित्र म्हणतात, आत्ता टाकून ठेवू, नंतर पाहू. नंतर पाहण्यात गैर काही नाही. पण ज्याने आधी काहीच ठरवले नाही त्याला नंतर पाहायलाही काही उरत नाही.

हे यंत्राचे पाप नव्हे याचा पुरावा पुन्हा डीकिन्स हेच आहेत. तेही २०११ पासून डिजिटलवर आले. पण त्यांची रीत अशी, की कोष्टक चित्रणाआधीच ठरवायचे, सेटवर उजेड असा लावायचा की चित्र तिथेच पुरे व्हावे, आणि नंतर रंगाच्या टेबलावर शक्य तेवढे थोडे करायचे. ‘ब्लेड रनर २०४९’ आणि ‘१९१७’ या दोन डिजिटल चित्रपटांनी त्यांना ऑस्कर मिळवून दिले. त्या दोहोंत सपाट म्हणावे असे काही नाही. उलट ग्रेग फ्रेझर यांनी २०२१ च्या ‘ड्यून’साठी डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले चित्र फिल्मवर उतरवले आणि ती फिल्म पुन्हा वाचून संगणकात घातली, केवळ त्या वाटेने जाताना जो मऊपणा येतो तेवढ्यासाठी. म्हणजे वाट लांबची घेणेही हातात आहे. ती आपण निवडली पाहिजे, एवढेच.

आता माझ्या विषयाकडे येतो. मागे सातवीच्या वर्गात मी मुलांना पावनखिंडीच्या लढाईचे चित्र काढायला सांगितले. मुले मन लावून बसली. चित्रे गोळा करून पाहतो तो बहुतेकांचे डोंगर तपकिरी, जमीन पिवळी, आकाश नारिंगी. मी विचारले, “लढाई कोणत्या महिन्यातली?” सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “आषाढ!” १३ जुलै १६६० ही तारीखही त्यांनी सांगितली. मी म्हटले, “मग आषाढात आपला डोंगर कसा असतो?” मुलांनी खिडकीबाहेर पाहिले. श्रावणाचे दिवस होते. समोरचा डोंगर माथ्यापासून पायथ्यापर्यंत हिरवा, वर ढग टेकलेले. जरा वेळ कोणी बोलले नाही. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “पण सर, ते जुन्या काळचं आहे ना!”

त्या मुलीच्या बोलण्याला मी हसलो नाही. तिने पाहिलेल्या पडद्यावर जुना काळ नेहमी पिवळाच असतो. तो तसा आहे म्हणून नव्हे, तर प्रेक्षकाला चटकन कळावे म्हणून कोणीतरी टेबलापाशी बसून त्याला तो रंग दिला म्हणून. अमेरिकेतही हेच. ‘ओ ब्रदर’मधली पिवळी मिसिसिपी पाहून मंदीचा काळ पिवळाच होता असे वाटते, पण त्या देशाच्या फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याच्या छायाचित्रकारांनी १९३९ पासून पुढे काढलेली रंगीत छायाचित्रे तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, आणि त्यांत झाडे हिरवी आहेत, आकाश निळे आहे, गरिबांच्या पोरींचे झगे लालही आहेत. त्या काळातल्या माणसांना तो जुना काळ नव्हता, आज होता. बाजीप्रभूंच्या पायाखाली चिखल होता आणि अंगावर पाऊस होता. हे विसरलो तर त्यांचे शौर्य एखाद्या तसबिरीतले होते, आणि मुलाला वाटते की असे काही हिरव्यागार, खऱ्या डोंगरात घडतच नसते.

नव्या चित्रपटांनी जुना काळ कसा रंगवावा हे निदान वादाचे तरी आहे. याहून नाजूक प्रश्न आहे तो जुन्या चित्रपटांचा. तेही आता याच वाटेने आपल्यापर्यंत येतात: निगेटिव्ह वाचायची, संगणकात घालायची, रंग द्यायचा. १२ नोव्हेंबर २००४ रोजी, ऐन दिवाळीत, ‘मुघल-ए-आझम’ सगळा रंगीत होऊन आला. १९६० साली तो काही भागच रंगीत होता, बाकी काळापांढरा. के. आसिफ यांना सगळाच रंगीत हवा होता असे सांगतात. असेलही. पण १९७१ मध्ये ते वारले. कोणत्या दालनाला कोणता रंग त्यांना हवा होता हे सांगायला कोणी नव्हते. आर. डी. माथुर यांनी काळ्यापांढऱ्यासाठी लावलेला उजेड हा निराळ्या हिशेबाचा उजेड. त्यावर चढवलेला रंग हा एका नव्या माणसाचा निर्णय, आसिफ यांच्या नावाने घेतलेला.

जिवंत दिग्दर्शकही असे करू शकतो. विल्यम फ्रिडकिन यांनी आपल्या १९७१ च्या ‘द फ्रेंच कनेक्शन’ला २००९ साली घरगुती आवृत्तीसाठी नवे रूप दिले. न्यूयॉर्कचा तो खरबरीत हिवाळा फिका आणि दुधाळ झाला. छायालेखक ओवेन रॉइझमन यांनी उघडपणे निषेध केला. पुढे २०१२ मध्ये दोघांच्या सहमतीने मूळच्या जवळची आवृत्ती निघाली. वाद मिटला तो केवळ दोघेही हयात होते म्हणून. २०२३ मध्ये दोघेही गेले. आता वाद घालायला कोणी नाही. जी आवृत्ती बाजारात राहील तीच पुढच्या पिढीला खरी वाटेल.

आपल्याकडे तर साक्षीदारांबरोबर साक्षही जाते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात आग लागली आणि जुन्या काळच्या नायट्रेट फिल्मचा ठेवा जळाला. मूळ निगेटिव्ह नाहीशी झाली की उरते ती कुठलीतरी प्रत, आणि ती प्रत वाचून रंग देणाराच मग त्या चित्रपटाचा इतिहासकार होतो, त्याला ठाऊक असो वा नसो.

म्हणून मला श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ची हकीकत फार महत्त्वाची वाटते. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून १९७६ मध्ये हा चित्रपट उभा केला. निगेटिव्हला बुरशी लागली होती. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो वाचवायला घेतला तेव्हा रंग ठरवताना मूळ छायालेखक गोविंद निहलानी यांना सोबत घेतले, बेनेगलही होते. दुधाच्या केंद्रावरची ती धूळ कोणत्या रंगाची होती हे ज्याने ती डोळ्यांनी पाहिली त्यालाच विचारले. मे २०२४ मध्ये ‘मंथन’ कान येथे दाखवला गेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेनेगल गेले. सात-आठ महिन्यांचे अंतर! एवढ्या थोडक्या वेळात ही साक्ष घेतली गेली.

इतिहासाच्या माणसाला यात नवे काही नाही. बखरीची नक्कल करताना मूळ कागद जपावा, आपली दुरुस्ती वेगळ्या शाईने लिहावी, आणि ज्याने पाहिले तो हयात आहे तोवर त्याला जाऊन विचारावे, एवढेच आमचे शास्त्र. चित्रपटालाही तेच लागू करावे. मूळ वाचलेली प्रत न रंगवता जपून ठेवावी. रंग दिला तर कोणी, कोणाला विचारून आणि कोणत्या प्रतीवरून दिला हे चित्रपटाबरोबर लिहून ठेवावे. आज आपल्यात पन्नास वर्षांपूर्वी दिवे लावलेली, आकडे ठरवलेली, रिळे धुतलेली माणसे आहेत. मुंबईत आहेत, पुण्यात आहेत, कोल्हापुरात आहेत. त्यांतली बरीच म्हातारी आहेत आणि त्यांना कोणी विचारायला जात नाही. कोणी तरी वही घेऊन त्यांच्याकडे जायला हवे.